रणांगण आमचे, कुंचला परक्यांचा

डिसेंबर २०२४ मध्ये एक चित्र एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेले आणि देशातील बुद्धिमंतांची झोप उडाली. ढाक्यातील १९७१च्या शरणागतीचे चित्र लष्करप्रमुखांच्या दालनातून दिल्लीतील माणेकशा सेंटरमध्ये हलविण्यात आले. त्याच्या जागी लेफ्टनंट कर्नल थॉमस जेकब यांनी रंगविलेले ‘करम क्षेत्र’ आले. त्यात पँगाँग सरोवर आहे, हिमाच्छादित शिखरे आहेत, रणगाडे आणि नौका आहेत. त्याचबरोबर श्रीकृष्णाचा रथ आणि आर्य चाणक्यही आहेत. इतिहास काढून पुराण टांगले, असा गदारोळ एका बाजूने झाला. परंपरेचा सन्मान झाला, असा जयघोष दुसऱ्या बाजूने झाला.

या वादात कोणती भिंत कोणाला, एवढेच बोलले गेले. १९७१चा विजय हा भारतीय सेनेच्या पराक्रमाचा सुवर्णक्षण आहे आणि त्याचे चित्र जेथे असेल तेथे मानाने असावे. श्रीकृष्णाचा रथ हेही या देशाच्या युद्धविचाराचे चिरंतन प्रतीक आहे. दोहोंत विरोध मानण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो प्रश्न असा की, गेल्या चारशे वर्षांत आमच्या भूमीवर झालेल्या लढायांची चित्रे काढली कोणी, कोणाच्या पैशाने काढली, आणि आज आमची मुले आपला भूतकाळ कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहेत?

चित्र हा पुरावा नव्हे, दावा आहे

रणचित्र म्हणजे घडलेल्या घटनेची नोंद, असा एक भाबडा समज सुशिक्षितांतही आढळतो. झाक लुई दाविद याने आल्प्स ओलांडणारा नेपोलियन १८०१ ते १८०५ या काळात पाच वेळा रंगविला. उधळलेला घोडा, वाऱ्यावर फडफडणारा झगा, पुढे झेपावलेला हात! प्रत्यक्षात नेपोलियनने ती खिंड खेचरावर बसून पार केली होती. पुढे पॉल देलारोश याने थकलेला, खेचरावर बसलेला नेपोलियनही रंगविला. पण जगाच्या स्मरणात राहिला तो दाविदचाच घोडा. चित्रकार दिग्गज होता, म्हणून त्याचे असत्य अधिक टिकले.

तेव्हा रणचित्रापुढे उभे राहताना दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. याचे मोल कोणी चुकते केले? आणि चित्राच्या मध्यभागी कोण आहे? हे दोन प्रश्न हाती घेऊन आपल्याच इतिहासाच्या चित्रशाळेतून एक फेरफटका मारू.

चितोड आणि पानिपत

इ.स. १५६८ मध्ये अकबराने चितोड घेतले. त्या वेढ्याची चित्रे ‘अकबरनामा’च्या हस्तलिखितात आहेत, ती १५९०च्या सुमारास तयार झाली आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. सुरुंग उशिरा उडाल्याने बादशहाचेच सैनिक आकाशात भिरकावले जात असल्याचे एक चित्र त्यात आहे. त्याची रचना मिस्कीनची. रंग भरणारे सरवण आणि भूरा. नावे पाहा! पराभूत झालेल्या समाजाचेच कारागीर विजेत्याच्या कारखान्यात बसून त्या पराभवाचे चित्र रंगवीत होते. दुसऱ्या एका चित्रात जोहाराच्या ज्वाळा आहेत. गड पडल्यावर झालेल्या कत्तलीत सुमारे तीस हजार माणसे मारली गेल्याचे अबुल फज़ल स्वतः लिहितो. चित्रकाराची रेषा अप्रतिम आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आपले मेलेले सैनिकही त्याने लपविले नाहीत. परंतु जोहाराची आग त्या ग्रंथात विजयगाथेचे एक पान म्हणून आली आहे. ज्यांच्या घरची राख झाली त्यांनी ती आग कशी रंगविली असती, हे सांगणारे त्यांचे त्या काळचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे नाही.

पानिपताचेही तसेच. १४ जानेवारी १७६१च्या त्या संग्रामाचे एक मोठे चित्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते फैजाबाद शैलीचे, १७७०च्या सुमाराचे आहे. मराठ्यांवरील कोणत्याही पुस्तकाचे पान उलटा, पानिपत म्हणून बहुधा हेच चित्र समोर येते. पण फैजाबाद कोणाचे? शुजाउद्दौल्याचे. शुजाउद्दौला कोणाच्या बाजूने लढला? अब्दालीच्या! म्हणजे मराठी माणसाच्या सर्वांत खोल जखमेचे जे चित्र आपण डोळ्यांपुढे धरतो, ते समोरच्या छावणीच्या बाजूने पाहिलेले आहे. ते छापू नये असे कोण म्हणेल? छापावे, पण त्याखाली एवढे एक वाक्य लिहायला शाई किती लागते?

लंडनमध्ये बसून जिंकलेला हिंदुस्थान

इंग्रजांनी तर या कलेचा अक्षरशः कारखाना काढला. प्लासीची लढाई २३ जून १७५७ रोजी झाली. १७६०च्या सुमारास फ्रान्सिस हेमन नावाच्या चित्रकाराने लढाईनंतर क्लाइव्हला भेटणारा मीर जाफर रंगविला. हेमनने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. चित्र काढले कोठे लावण्यासाठी? व्हॉक्सहॉल नावाच्या लंडनच्या करमणुकीच्या बागेत! तेथे लोक गाणे ऐकायला, खायला-प्यायला आणि मिरवायला येत. फितुरी आणि कारस्थान यांच्या बळावर जिंकलेली लढाई त्या बागेत उदार विजेता आणि कृतज्ञ मांडलिक यांचा हृद्य प्रसंग होऊन गेली. आपल्या धन्याचा विश्वासघात करणारा माणूस चित्रात दयेस पात्र दिसतो आणि त्याला विकत घेणारा सज्जन दिसतो. याला कला म्हणावे की जाहिरात?

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टर याने त्या हल्ल्याचे सुमारे एकशेवीस फूट लांबीचे चित्र उभे केले. त्याचे वय तेव्हा पंचविशीच्या आत. तोही हिंदुस्थानात आलेला नव्हता. लोक तिकीट काढून आत जात आणि अर्धवर्तुळाकार पटापुढे उभे राहून साम्राज्याचा थरार अनुभवून घरी परतत. चित्रपटगृहे येण्यापूर्वी एक शतक साम्राज्याने युद्धाचा तमाशा मांडला होता, आणि त्यातला खलनायक आपला देश होता.

टिपू सुलतानाविषयी या साप्ताहिकाच्या वाचकांची मते सर्वश्रुत आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत बागेतील भित्तिचित्र या विषयात टाळता येत नाही. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे इंग्रजांच्या कर्नल बेलीची फौज बुडाली, तो प्रसंग तेथे रंगविला आहे. इंग्रजी फौजेचा चौकोन वेढला गेला आहे, दारूगोळ्याचा गाडा उडतो आहे, जखमी बेली पालखीत आहे. इंग्रज सेनापती हरलेला दाखविणारे, हिंदुस्थानात हिंदुस्थानी दरबाराने काढविलेले हे मोठे रणचित्र आहे. आणि गंमत अशी की, पुढे डलहौसीने ते पुन्हा रंगवून घेतले. इंग्रजाला चित्राची किंमत ठाऊक होती. आपल्या पराभवाचे चित्रसुद्धा त्याने जपले. २०२२ मध्ये याच विषयाचे कागदावरील एक चित्र लंडनच्या लिलावात ६ लाख ३० हजार पौंडांना गेले. आपल्या भूमीवरच्या लढाईचा भाव आजही लंडनमध्येच ठरतो!

आपल्या दाराशी येऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ शिंद्यांची फौज आर्थर वेलस्लीशी लढली. वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांना चिकटून राहिले आणि तेथेच संगिनींना बळी पडले, याची साक्ष इंग्रजांच्याच कागदांत आहे. या लढाईचे जे चित्र जगभर गेले, ते १८१५च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापलेल्या एका विजयग्रंथातले. चित्रकार विल्यम हीथ. लढाई झाली तेव्हा हा गृहस्थ नऊ वर्षांच्या आसपास होता! त्याला ना असई ठाऊक, ना केळणा नदी, ना तोफेला बिलगून मेलेला मराठा गोलंदाज. ज्याने ती भूमी पाहिली नाही, त्याच्या कल्पनेला आम्ही दस्तऐवज म्हणायचे?

१८५७ : एकाच पटावर दोन सत्ये

सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमरानंतर तर कुंचल्याने संगिनीचे काम केले. १८५८ मध्ये एडवर्ड आर्मिटेज याने ‘रिट्रिब्युशन’, म्हणजे प्रतिशोध, हे चित्र काढले. त्यात ब्रिटानिया ही देवता तलवारीने वाघाला मारते आहे आणि पायाशी गोरी माता व बालक मृत पडले आहेत. वाघ म्हणजे अर्थातच आपण. कानपुरात निरपराध स्त्रिया आणि मुले मारली गेली, ते कृत्य निंद्यच होते. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्यानंतर गावेच्या गावे पेटली, झाडाझाडाला माणसे लटकली, त्याचे चित्र त्या दालनात कोठे होते?

जोसेफ नोएल पेटनचे ‘इन मेमोरियम’ तर शिकविण्याजोगे उदाहरण आहे. १८५८ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकादमीत लागले. तळघरात दडलेल्या गोऱ्या स्त्रिया आणि मुले, आणि दारातून घुसणारे शिपाई. लंडनच्या सभ्य समाजाला ते पाहवेना. टीका झाली. तेव्हा पेटनने काय करावे? दारातले हिंदी शिपाई पुसले आणि त्यांच्या जागी सुटकेला धावून येणारे स्कॉटिश सैनिक रंगविले! पट तोच, स्त्रिया त्याच, तळघर तेच. फक्त दारातला माणूस बदलला आणि चित्राचा अर्थ उलटा झाला. रणचित्र हा पुरावा नसून दावा असतो, याला याहून मोठा दाखला हवा आहे काय?

कॅमेरा तरी खरे बोलतो, असे कोणी म्हणेल. लखनौच्या सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे दोन हजार हिंदी योद्धे कापले गेले. फेलिचे बिआतो याने त्या जागेचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले ते काही महिन्यांनी, १८५८ मध्ये. अंगणात हाडे आणि कवट्या विखुरल्या आहेत. परिणाम साधावा म्हणून ती हाडे मांडली गेली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मेलेल्या योद्ध्याला चितेचा अग्नीही लाभला नाही, आणि वर त्याची हाडे सजावटीला!

एका रशियनाने जे दाखविले

या सगळ्या गर्दीत एक परका मात्र आठवणीत ठेवावा लागतो. वासिली व्हेरेश्चागिन हा रशियन चित्रकार १८७४ ते १८७६ या काळात आणि पुन्हा १८८०च्या दशकाच्या आरंभी हिंदुस्थानात हिंडला. १८८४च्या सुमारास त्याने इंग्रजांनी बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी बांधल्याचे चित्र रंगविले. मोकळे मैदान, तोफांची रांग, प्रत्येक तोफेला बांधलेला माणूस, आणि बाजूला शिस्तीत उभे शिपाई. इंग्रज खवळले. हा प्रकार सत्तावन्नमधला, आता असे होत नाही, गणवेश मात्र आजचे दाखविले आहेत, असा त्यांचा आक्षेप. पण १८७२च्या जानेवारीत मालेरकोटला येथे कूका शिखांना तोफेच्या तोंडी दिलेच होते ना? गणवेशाची चूक काढणाऱ्यांना तोफेची लाज वाटली नाही. ते मूळ चित्र आज बेपत्ता आहे. त्याच्या प्रतिकृती तेवढ्या उरल्या आहेत.

हा व्हेरेश्चागिन कोणा एकाचा भाट नव्हता. त्याने १८७१ मध्ये कवट्यांचा ढीग रंगविला आणि तो भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व महान विजेत्यांना उपरोधाने अर्पण केला. १९०४ मध्ये पोर्ट आर्थरपाशी युद्धनौकेवर त्याला मृत्यू आला. रणांगण पाहून मग रंगविणारा चित्रकार आणि बागेच्या भिंतीसाठी रणांगण रचणारा चित्रकार यांतला भेद त्याच्यामुळे लख्ख कळतो.

आमची वीरगळ कोठे आहे?

कलेला राष्ट्र नसते, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना नम्रपणे एवढेच विचारावे की, वर सांगितलेल्या चित्रकारांपैकी कोणाला राष्ट्र नव्हते? हेमनला होते, पोर्टरला होते, पेटनला होते. तटस्थतेचा उपदेश तेवढा जितांच्या वाट्याला आला.

परंतु दोष केवळ परक्यांच्या माथी मारून मोकळे होणे ही आत्मवंचना ठरेल. आमच्याकडे शाहीर होते. अज्ञानदासाने अफजलखान वधाचा पोवाडा रचला. आमच्याकडे बखरकार होते. भाऊसाहेबांच्या बखरीने पानिपत घराघरांत पोहोचविले. आणि रणांगण दृश्यरूपात मांडण्याची परंपरा आमच्याकडे नव्हती, असेही नाही. ती आमच्या वेशीवर उभी आहे. तिचे नाव वीरगळ.

वीरगळीची रचना पाहा. खालच्या चौकटीत लढणारा अथवा पडलेला वीर. कधी गायी, म्हणजे गोधन राखताना तो गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ते असतील तोवर त्याची कीर्ती राहील. बोरिवलीच्या एकसर गावातील वीरगळींवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौकांचे आरमारी युद्ध कोरले आहे. अभ्यासक त्याचा संबंध शिलाहार आणि यादव यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी जोडतात.

आता दुसरा प्रश्न विचारा. मध्यभागी कोण आहे? युरोपच्या दरबारी चित्रात घोड्यावरचा सेनापती मध्यभागी असतो आणि मेलेला शिपाई घोड्याच्या टापांखाली, कोपरा भरण्यापुरता. वीरगळीत राजा नाही, सेनापती नाही. जो मेला तोच मध्यभागी आहे. गावाचा एक सामान्य माणूस गावासाठी मेला आणि गावाने त्याला देवाच्या पंक्तीत बसविले. युद्धाकडे पाहण्याची याहून उदात्त दृष्टी कोणत्या संग्रहालयात आहे?

आणि या वीरगळींचे आम्ही काय केले? कोठे त्यांना शेंदूर फासून त्यांचे शिल्प बुजविले, कोठे त्या बांधाला लावल्या, कोठे त्यांच्यावर कपडे धुतले. लंडनच्या कपाटातले चित्र परत आणा म्हणून आरोळी ठोकणाऱ्या आम्हाला वेशीवरचा दगड ओळखता येत नाही!

आमच्या भिंतींवरच्या चित्रांचेही परीक्षण व्हावे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी पावनखिंड रंगविली, दीनानाथ दलाल यांनी शिवचरित्राला चेहरा दिला. या कलावंतांचे महाराष्ट्रावर ऋण आहे. पण त्यांच्यामागून आलेल्या स्वस्त दिनदर्शिकांनी काय केले? इस्त्रीचे अंगरखे, झळाळती पागोटी, नाटकातल्यासारखी उगारलेली तलवार. जुलै १६६०ची ती रात्र मुसळधार पावसाची होती. पन्हाळ्यापासून चिखल तुडवीत आलेले, उपाशी, दमलेले बांदल मावळे खिंडीत उभे राहिले. तो पाऊस या चित्रांत कोठे आहे? तो चिखल कोठे आहे? ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत ते बांदल कोठे आहेत? पराक्रम स्वच्छ धुऊन दाखविला की त्याची किंमत कमी होते. परक्यांनी आमचे मेलेले पुसले हा त्यांचा अपराध. आमचेच मेलेले आम्ही पुसतो, त्याला काय म्हणावे?

करावयाचे काय?

उपाय अवघड नाहीत. पहिला, पाठ्यपुस्तकांत आणि इतिहासग्रंथांत छापलेल्या प्रत्येक रणचित्राखाली चित्रकार, साल, आश्रयदाता आणि त्याने ती जागा पाहिली होती की नाही, हे लिहिलेच पाहिजे. प्रकाशकांना पत्रे लिहा, शिक्षकांशी बोला; ही मागणी कोणत्याही पक्षाची नाही, ती सत्याची आहे.

दुसरा, आपल्या गावातील वीरगळ शोधा. ती उचलून नेऊ नका, तिच्यावर रंग ओतू नका. पाण्याने हळुवार स्वच्छ करा, छायाचित्र घ्या, पुरातत्त्व खात्याला कळवा आणि गावच्या मुलांना तिच्यापुढे उभे करून तिन्ही चौकटी वाचायला शिकवा.

तिसरा उपाय राष्ट्रीय स्तरावरचा आहे. १९१६ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश सरकारने म्युअरहेड बोन याला अधिकृत युद्धचित्रकार म्हणून आघाडीवर पाठविले. पुढे त्याच योजनेतून पॉल नॅशने १९१८ मध्ये तुटलेली झाडे आणि उखडलेली माती एवढेच असलेले रणभूमीचे चित्र दिले. त्यात विजय नाही, सेनापती नाही. तरीही ते लंडनच्या युद्धसंग्रहालयाने मानाने ठेवले. आपल्याला कारगिल म्हटले की दूरचित्रवाणीवरची धूसर दृश्ये आठवतात. तोलोलिंगचा चढ, सियाचेनचा बर्फ, गलवानची नदी पाहून, जवानांबरोबर राहून रंगविणारे चित्रकार शासनाने आणि समाजाने उभे केले पाहिजेत. त्यांना काय रंगवायचे ते सांगू नये. त्यांना फक्त तेथे न्यावे आणि खरे तेच रंगवू द्यावे. लेफ्टनंट कर्नल जेकब यांच्यासारखा गणवेशातला चित्रकार हा त्या दिशेने शुभशकुन आहे.

ज्या समाजाची रणचित्रे शत्रू काढतो, त्याला आपला पराभव भव्य आणि आपला पराक्रम अंधुक दिसू लागतो. ही आत्मविस्मृती झटकायची तर प्रतिज्ञा आणि घोषणा पुरणार नाहीत. त्यासाठी डोळे प्रशिक्षित करावे लागतात, हात तयार करावे लागतात, आणि सत्याला घाबरून चालत नाही. आमच्या पूर्वजांनी वेशीवर दगड उभा करून पडलेल्या माणसाला मध्यभागी ठेवले होते. तेच मध्य पुन्हा प्रस्थापित करणे, हे आजच्या पिढीचे कर्तव्य आहे.